न रडता संपव

शाळेसमोरच्या दुकानात थोरली गेली होती ती साधी पेनाची रिफिल आणायला. शाळा नुकतीच सुटली होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या तरी काखेतला बास्केटबॉल आणि या सगळ्यावर कडी करणारा आरडाओरडा. गल्ल्यापर्यंत पोचायची वाट बघता बघता तिची नजर मधल्या फळीवर गेली. तिथं चिप्सच्या फुगलेल्या, चकचकीत पाकिटांमध्ये तिच्या आईचे भाजलेले वाटाणे अंग चोरून बसले होते. पारदर्शक पिशवी, वर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर हिरव्या अक्षरांत 'भाजलेले वाटाणे'. बास.

तेवढ्यात एका मुलीनं त्यातली एक पिशवी उचलली. थोरली टाचा उंचावून बघू लागली.

"ए, हा काय आजोबांचा खाऊ घेतेस?" मागून तिची मैत्रीण म्हणाली.

चटका बसावा तशी त्या मुलीनं पिशवी खाली ठेवली. दुसऱ्या हातानं, धड न बघताच, एक जांभळं पाकीट ओढलं आणि चित्राची बाजू बाहेर ठेवून काखेत धरलं. शाळेच्या फाटकाकडे जाताना ते चित्र सगळ्यांना दिसत होतं.

थोरली रिफिल न घेताच घरी आली.

घरात तिघीच. आई, थोरली आणि त्याच शाळेत नववीत शिकणारी धाकटी. धाकटीला सगळे भुंगा म्हणत, कारण ती झोपेतसुद्धा गप्प बसत नसे. मागच्या खोलीत आईची भट्टी होती. भट्टीवर आडवा लोखंडी ड्रम फिरायचा आणि त्यात वाटाणे खडखडत भाजले जायचे. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावंच लागे, त्यामुळे या घरातली खासगी बोलणीही अख्ख्या गल्लीला ठाऊक असत.

"आई, तुझे वाटाणे कोण खातं गं?" थोरली ओरडली.

"ज्यांना दात आहेत ते!" आईही ओरडली.

"पोरं नाही घेत! आजोबांचा खाऊ म्हणतात!"

आईनं ड्रम बंद केला. खोली एकदम शांत झाली. "चव तरी बघितली का त्यांनी?"

"चव कधी बघणार? आधी हातात तर घ्यायला हवेत ना."

थोरली छापखान्यात कामाला होती. तिचा दिवस साबणाच्या खोक्यांवर आणि औषधांच्या डब्यांवर अक्षरं बसवण्यात जायचा. 'सुगंधी' किती मोठं, 'दिवसातून दोनदा' किती बारीक. काम बरं होतं, पण त्यात जीव रमण्यासारखं काही नव्हतं. आणि आज, त्या मुलीनं पिशवी टाकून दिल्यापासून, तिच्या डोक्यात रंग नाचायला लागले होते.

"आई, मी करते पाकीट. मला करू दे."

"कर की. पण आत काय आहे ते दिसलं पाहिजे. झाकलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही."

"तिथंच तर गोम आहे!" भुंगा मध्येच म्हणाली. "दिसतं म्हणून तर कुणी घेत नाही!"

पुढचे काही दिवस थोरली कामावरून लवकर सुटून दुकानात जाऊन बसू लागली. दुकानदारकाकांनी आईस्क्रीमच्या फ्रीजशेजारी तिला एक स्टूल दिलं. काका अंगानं भरलेले, बोलायला मोकळे. "बघ बाई, काय बघायचंय ते," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं बघतोय, मला अजून कळलेलं नाही ही पोरं काय खातात ते."

थोरलीला मात्र कळायला लागलं, आणि जसजसं कळत गेलं तसतशी ती स्टुलावर नीट बसेनाशी झाली. पोरं वाचत नाहीत! पाकिटाच्या मागे काय काय लिहिलेलं असतं, एकाचीही नजर तिकडे वळत नव्हती. सगळा फैसला लांबूनच होत होता. दारात पाय पडला की डोळे फळीवर, आणि हात आधीच निघालेला. पाकीट हातात आलं की पहिल्यांदा ते दाबून बघायचं, कुरकुर वाजतं का. मग शेजारच्याकडे बघायचं, त्याला आवडलं का. घोळक्यात पहिल्यानं जे उचललं तेच निम्म्या घोळक्याच्या हातात. हिरवं पाकीट दिसलं की नाकं मुरडली जात. एक मुलगा तर म्हणाला, "हिरवं म्हणजे औषध."

"अगं, ते खाऊ विकत घेतच नाहीत," ती त्या संध्याकाळी भुंग्याला सांगत होती. सांगताना तिचे हात हवेत उडत होते. "हातात काय शोभून दिसतं ते घेतात! शाळेच्या मैदानात फिरताना हातात काय आहे, ते!"

"मग? मी कधीपासून सांगतेय!" भुंगा म्हणाली. खरं तर तिनं असलं काही कधीच सांगितलं नव्हतं.

नावासाठी दोघींची तीन वेळा भांडणं झाली. शेवटी आईनंच ड्रममधून एक वाटाणा काढून दाताखाली फोडला, खाड्कन आवाज झाला आणि भुंगा ओरडली, "ठो!" दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. ठो. एवढंच. लांबूनही वाचता येईल असं.

पाकीट झालं गर्द काळं, हाताला मखमलीसारखं लागणारं. मधोमध भडक गुलाबी वाटाणा. त्याचे गाल फुगलेले, एक डोळा मिटलेला, कानांतून धूर निघालेला, आणि तरी तोंडभर हसू. वर 'ठो!' आणि खाली एक ओळ: 'न रडता संपव'.

आईनं ते नमुन्याचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "रडायचं कशाला? नुसतं मीठ लावलेलं असतं त्यांना."

"आई, ते नुसतं म्हणायचं असतं गं."

"नुसतं कसं म्हणायचं?"

"म्हणजे... गंमत. पोरांना कुणी आव्हान दिलं की आवडतं."

आईचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. छापखान्याच्या मालकांनी एका मोठ्या कामातून उरलेला कागदाचा रोल दिला. "नमुना म्हणून छाप, जमलं तर मलाही दाखव," असं म्हणाले. रविवारी तिघींनी मिळून पाकिटं भरली. भुंगा सील करायच्या मशीनवर बसली आणि मशीनच्या प्रत्येक शिट्टीबरोबर "ठो!" म्हणत राहिली, इतकं की शेवटी आईनं तिला आत पाठवलं.

सोमवारी थोरलीनं छापखान्यातून सुट्टी घेतली. मधली सुट्टी झाली, फाटक उघडलं आणि लोंढा आला. बास्केटबॉलच्या संघातल्या मुली सगळ्यांत पुढे. त्यांची कॅप्टन आखूड केसांची, उंच, सगळ्या शाळेला धाक असलेली. ती दारातच थांबली. तिची नजर फळीवरून सरकत आली आणि काळ्या पाकिटावर अडकली.

"हे काय नवीन?" तिनं पाकीट उचललं. दाबलं. कुरकुर वाजलं. "न रडता संपव? आपण काय रडतोय होय!"

झालं. पुढं काय झालं ते थोरलीला पुरतं दिसलंच नाही, कारण तिच्या आणि फळीच्या मध्ये नुसते हात होते. काळी पाकिटं डोक्यांवरून मागे मागे जात होती. "मला पण दे!" "ए, दोन घे!" दुकानदारकाका गल्ल्यामागून "अरे सावकाश, सावकाश!" ओरडत होते आणि हसतही होते. घंटा झाली तेव्हा फळीवर मधली जागा मोकळी होती. तिथली लाकडी फळी थोरलीनं पहिल्यांदाच पाहिली.

ती घरी पळत गेली. अक्षरशः पळत. "आई! सगळी! सगळी गेली!"

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास, मग हळूहळू असं काही उमटलं की थोरलीला तिला मिठीच मारावीशी वाटली, आणि तिनं मारलीही. मीठ, धूर, घाम, सगळ्यासकट.

पण शाळा सुटल्यावर भुंगा आली ती गप्प. भुंगा गप्प म्हटल्यावर काहीतरी गंभीर घडलंय हे घरात कुणाला सांगायची गरज नव्हती.

"काय झालं?"

"ताई, ते सगळे रडून दाखवत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं खोटं. वाटाणा तोंडात टाकायचा आणि 'आई गं, मीठ! मीठ! मला वाचवा!' करून जमिनीवर लोळायचं. अख्खं मैदान लोळत होतं. आणि कॅप्टननं पाकीट काकांना परत दिलं. म्हणाली, 'काका, हे रडवत नाही, झोपवतं.'"

थोरली मटकन खाली बसली. पाकिटानं हात पुढे आणला होता, पण पाकिटानंच तोंडावर पाडलं होतं. तिला कॅप्टनचा रागसुद्धा येईना. मुलगी बरोबरच बोलली होती.

"ती ओळ काढून टाकते," ती म्हणाली. "तिच्या जागी 'खमंग' वगैरे छापू."

"मुळीच नाही," आई म्हणाली.

दोघींनी वळून पाहिलं. आई कपाटातून लाल मिरच्यांचा डबा काढत होती.

"आई, काय करतेयस?"

"तू शब्द देऊन बसलीस ना त्या पोरांना? आता तो पाळायला नको? इतकी वर्षं मी मीठ लावतेय, मलाही कंटाळा आलाय." आईचे डोळे चमकत होते. थोरलीनं आईला असं कधी पाहिलं नव्हतं. "रडवूयाच एकदा त्यांना."

भुंग्यानं टुणकन उडी मारली. "मी चव बघणार!"

पहिल्या प्रयत्नात आईनं मिरचीपूड थेट तापलेल्या ड्रममध्ये टाकली. पूड जळली, आणि असा ठसका उठला की तिघी खोकत, शिंकत, डोळे चोळत रस्त्यावर आल्या. समोरच्या घरातल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. पलीकडच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "काय पेटवलंय काय?" आईला उत्तर देता येईना, कारण ती खोकत होती आणि मधूनमधून हसत होती.

दुसऱ्या प्रयत्नात वाटाणे गार होऊ दिले, तर पूड चिकटेचना. सगळी तळाशी, वाटाणे कोरे ते कोरे. मग आईनं ते कोमट असतानाच काढले, साखरेच्या पातळ पाकाचा नुसता हात फिरवला, त्यावर वाळवलेल्या लिंबाची पूड आणि सगळ्यांत शेवटी मिरची. ड्रम हळूहळू, आगीशिवाय फिरवला. बाहेर आले ते लालसर, कोरडे, दिसायला अगदी निष्पाप वाटाणे.

भुंग्यानं एक तोंडात टाकला. "आंबट," ती म्हणाली. "मस्त आंबट. गोड पण आहे. पण ताई, तिखट कुठं—"

ती थांबली. तिचे कान लाल झाले. डोळे मोठे झाले, त्यांत पाणी तरळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भुंग्याला शब्द सुचेना. ती दोन्ही हातांनी तोंडावर वारा घालत खोलीभर गोल गोल फिरली, घटाघट पाणी प्यायली, आणि परत येऊन हात पुढे केला.

"अजून एक."

"तिखट लागलं ना?" आईनं काळजीनं विचारलं.

"भयंकर! अजून एक दे!"

आईनं थोडी मिरची कमीच केली. "रडवायचंय, आजारी नाही पाडायचं," ती म्हणाली. मग पुन्हा भाजलं, पुन्हा चाखलं. तिला हवं होतं ते तिला नेमकं ठाऊक होतं: पहिल्या दाण्याला काहीच कळता कामा नये, आणि कळेपर्यंत दुसरा तोंडात गेलेला असावा.

प्रश्न पाकिटाचा होता. तेच पाकीट पुन्हा फळीवर ठेवलं तर पोरं हसत पुढं जातील. एकदा फसलेली होती ती. थोरली टेबलाशी बसून होती. तिच्याही तोंडात एक वाटाणा होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. समोर तिचाच तो गुलाबी वाटाणा गाल फुगवून हसत होता. हा कसला हसतोय, तिला वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ती खुर्चीवरून उठली.

"हसायचं नाही त्यानं! रडायचं! आता तोच रडतोय!"

नव्या पाकिटावर वाटाण्याच्या डोळ्यांतून टपोरे थेंब ओघळत होते आणि तोंड वासलेलं होतं. वर 'ठो!' तसंच. खाली मात्र नवी ओळ: 'मागच्या वेळी हसलात ना?'

भुंगा ती ओळ वाचून किंचाळलीच. "ताई! हे म्हणजे... कॅप्टन सोडणारच नाही!"

आईनं मात्र पाकीट हातात घेऊन वाटाण्याच्या वासलेल्या तोंडावर बोट ठेवलं. "हे एवढं तोंड उघडंय, तर इथं आरपार दिसू दे की. आत काय आहे ते."

थोरली 'नाही' म्हणणारच होती. काळ्या पाकिटात गोल खिडकी, तिच्यातून दिसणारे लाल वाटाणे, जणू रडणाऱ्यानं तोंडात कोंबलेले. तिनं कल्पनेतच ते पाहिलं आणि पेन्सिल उचलली. "आई, तू माझ्या छापखान्यात का नाही गं येत?"

दुकानदारकाका पाकिटं ठेवून घ्यायला तयार नव्हते. "परत घेताना माझीच पंचाईत झाली, बाई." थोरलीनं पिशवी उघडून एक वाटाणा त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी तो तोंडात टाकला, "आंबट आहे, छान आहे," म्हणाले, दुसरा मागितला, आणि मग गल्ल्यावर डोकं टेकून बराच वेळ नुसते हुंकारत राहिले. डोकं वर आलं तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा होता. "मधल्या फळीवर नको," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "इथं, समोर ठेव."

त्या दिवशी आईही आली. ती कधी दुकानात थांबत नसे. माल टाकला की निघाली. आज मात्र ती वह्यांच्या कपाटाशी, वही निवडत असल्यासारखी उभी राहिली. थोरली गल्ल्यावरची पाकिटं पुन्हा पुन्हा सरळ करत होती. भुंगा आधीच वर्गातून सटकून फाटकाशी पोचली असणार.

शाळा सुटली.

कॅप्टन आली, संघ मागोमाग. तिनं गल्ल्यावरचं पाकीट पाहिलं. रडणारा वाटाणा पाहिला. ओळ वाचली. तिच्या भुवया वर गेल्या. सगळा घोळका तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबला.

"हसलो होतो," ती म्हणाली. "मग?"

तिनं पाकीट फाडलं, एक दाणा टाकला, चावला. खाड्कन आवाज आला. "मीठ नाही या वेळी. लिंबू." तिनं खांदे उडवले आणि चांगली मूठभर तोंडात टाकली.

दुकानात कुणी हलेना. कॅप्टन चावत होती. चावता चावता ती सावकाश झाली. मग थांबली. तिनं ओठ घट्ट मिटले, नाकातून श्वास घेतला, छताकडे पाहिलं. एक थेंब तिच्या डाव्या डोळ्यातून निघाला आणि गालावरून थेट हनुवटीपर्यंत गेला.

"कॅप्टन रडली!" मागून कुणीतरी ओरडलं.

एकच गलका झाला! मुली किंचाळत होत्या, मुलं गल्ल्यावर तुटून पडली होती, पाकिटं फाटत होती, खाड् खाड् वाजत होती, आणि एकेक चेहरा हसता हसता लाल होत होता. कुणी नाचत होतं, कुणी फ्रीजच्या काचेला गाल लावून उभं होतं, दोघं एकाच बाटलीवर भांडत होते. भुंगा घोळक्याच्या मध्यभागी उड्या मारत सगळ्यांना सांगत होती, "दुसरा टाकेपर्यंत कळत नाही! दुसरा टाकेपर्यंत!" आणि कॅप्टन, डोळे पुसत, भसाड्या आवाजात म्हणत होती, "काका, अजून एक. माझ्या दादासाठी. त्याला काही सांगायचं नाही."

थोरलीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तिनं आईकडे पाहिलं. आई वह्या सोडून गर्दीत शिरली होती. गल्ल्याशी पोचून तिनं एक उघडं पाकीट उचललं आणि जवळच्या मुलाला विचारलं, "चांगले आहेत का रे?"

"काकू, नका!" तो मुलगा डोळे चोळत म्हणाला. "तुम्हाला नाही झेपायचं!"

"होय?"

"खरंच काकू, पाणी घेऊन ठेवा आधी," कॅप्टनही म्हणाली.

आईनं पाकिटातून चांगले पसाभर वाटाणे हातावर घेतले. घोळका पुढे झुकला. तिनं ते सगळे एकदम तोंडात टाकले, शांतपणे चावले, गिळले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग हात झटकले.

"बरे आहेत," ती म्हणाली. "थोडं मीठ कमी आहे."

पोरं तोंड वासून बघत राहिली. "कोण आहेत ह्या?" कुणीतरी कुजबुजलं.

भुंग्याचं तोंड उघडलं होतं, पण आईनं एक नजर टाकली तशी तिनं ते मिटलं. आई दाराबाहेर पडली, थोरली मागोमाग. कोपरा वळून दुकान दिसेनासं होईपर्यंत आई ताठ मानेनं चालली. मग ती भिंतीला टेकली, पदरानं डोळे पुसू लागली, आणि तोंड उघडून जोरजोरात श्वास घेत म्हणाली, "पाणी! अगं बघत काय बसलीस, पाणी आण!"